वाईच रवा

आज पौष वद्य अष्टमी आहे असं समजा. सकाळचे साडेसात वाजलेत. तुम्ही देवबागला आहात, मालवण तालुक्याच्या दक्षिण टोकाला, जिथे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरते. पाठीमागे, माडांच्या पलीकडे, समुद्राची गाज. पुढ्यात नदी. नदीला आवाज नाही.

जिथे बसून हे वाचताय तिथे पाय जमिनीला टेकवा. चपला काढता आल्या तर काढा. पहिलं काम एवढंच की दोन्ही पाणी ऐकायचं, मागचं आणि पुढचं. मागचं आपसूक कानावर येतं. पुढच्यासाठी जरा धीर धरावा लागतो. मग हळूहळू सुरू होतं: बांधलेल्या होडीच्या बुडाशी चाललेली चुळबुळ, कुठेतरी मासा उडाल्याचा टप्प आवाज, झावळीवरून खाली पडणारं दव.

आता वर बघा. अर्धा चंद्र माथ्यावरून समुद्राकडे जरासा कलला आहे. पाटीवर खडूने काढून तळव्याने पुसावा तसा. आजचं वेळापत्रक त्याचं आहे. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट करायची, तो भरती पूर्ण होण्याचा तास. जुन्या शाळेत पाऊणकी घोकलेल्यांना हे तोंडपाठ असायचं: आठ पाऊण सहा. म्हणजे पहाटे सहाला पाणी पूर्ण चढलं, आता उतरतंय, बाराच्या सुमारास तळ गाठेल आणि संध्याकाळी सहाकडे पुन्हा भरेल. हिशेब ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे होतंच. पण माझा मोबाईल दोनदा खाऱ्या पाण्यात मेला आहे आणि पाऊणकी अजून शाबूत आहे.

अष्टमी निवडायला आणखी एक कारण आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, तेव्हा उधाण येतं. अष्टमीला ते दोघे एकमेकांशी काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची कापते, आणि पाणी चढतंही बेताचं, उतरतंही बेताचं. त्याला भांग म्हणतात. नवख्या माणसाने पाण्यात उतरावं ते भांगाच्या दिवशी.

आपल्याबरोबर वाटाड्या आहे. गावातलाच, गाबीत घरातला, तिशीचा मुलगा. लहानपणी वडलांबरोबर जाळ्यावर गेलेला, आता हिवाळ्यात पाहुण्यांना कयाकमधून फिरवतो. तो कमी बोलतो. तुमच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतो, मग जॅकेट खांद्याशी धरून वर खेचून बघतो. हनुवटीपर्यंत सरकलं तर पुन्हा आवळतो. हे चाललेलं असताना काही बोलू नका. आपलं ओझं दुसरा कोणी इतक्या बारकाईने तपासून घेतो, असे प्रसंग मोठेपणी फार येत नाहीत.

कयाकमध्ये बसताना एक गोष्ट दिसेल. तिच्या बुडाला आरपार भोकं आहेत. पहिल्या वेळी मी वाटाड्याला मोठ्या काळजीने सांगितलं होतं की ही फुटकी आहे. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. ही होडी आतून पोकळ आणि सगळीकडून बंद असते. आपण तिच्या आत बसत नाही, पाठीवर बसतो. लाटेचं पाणी वर येतं आणि त्याच भोकांतून खाली जातं. बूड ओलं राहतं, होडी तरंगत राहते. मूळची कयाक अशी नव्हती. आर्क्टिकच्या इन्युइट लोकांचा हा शब्द, आणि त्यांची होडी म्हणजे वाहत आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं, ज्या शिकाऱ्याची त्याच्याच अंगाच्या मापाची. झाडं न उगवणाऱ्या मुलखात समुद्राने आणून टाकलेलं लाकूड जपून वापरावं लागे. आपली होडी पिवळ्या प्लॅस्टिकची आहे आणि ती कोणाच्याही मापाची चालते. तरीही बसल्यावर कमरेला तिची सवय व्हायला थोडा वेळ जातो. जाऊ द्या.

आता वल्हं. दोन्ही टोकांना पातं असलेलं. इथे पुस्तक किंवा फोन क्षणभर खाली ठेवा आणि दोन्ही मुठी आवळा, जोरात. आपण पडणार, बुडणार, वाहून जाणार अशी खात्री असलेला माणूस आवळतो तशा. मनगटातून वर चढत तो ताण कुठवर पोचतो ते बघा. कोपर, खांदा, मान, मग दातांच्या कवळ्या. तोंड मिटून दात दाबलेले असतील. नदीत पहिली दहा मिनिटं प्रत्येक माणूस असाच असतो. शेजारून आपला वाटाड्या म्हणतो, "वल्ह्याक इतक्या घट्ट धरू नकात. ता खंय पळान जाता?"

मुठी सोडा. बोटं अर्धी मिटलेली राहू द्या, कपबशीतल्या बशीला आधार द्यावा तितपत. वल्हवायचं ते हातांनी नाहीच. पाठीच्या कण्याभोवती धड वळवायचं, हात नुसते बरोबर जातात. डावं पातं आत, वळा. उजवं पातं आत, वळा. श्वास मोजू नका. ध्यानाच्या वर्गांत मन रिकामं करा म्हणतात, आणि मला ते आजवर एकदाही जमलेलं नाही. इथे मनाला काम आहे: पातं पाण्यात शिरताना आवाज होतो की नाही एवढं ऐकायचं. 'छप्प' झालं तर घाईने मारलं. नीट शिरलं तर काहीच ऐकू येत नाही, आणि उचलल्यावर पात्याच्या कडेवरून ओघळणाऱ्या थेंबांची एक ओळ तेवढी पाण्यावर पडते. त्या ओळीकडे पाहत चला.

ओहोटी आपल्याबरोबर आहे. पाठीवर हलका गार वारा आहे, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. शाळेच्या भूगोलात त्याला मतलई वारे म्हणायचे. दुपारी जमीन तापली की उलटे, खारे वारे सुटतील. शिडाच्या होड्यांचा सगळा संसार या दोन वाऱ्यांवर चालायचा, पहाटे एकाने बाहेर न्यायचं, दुपारी दुसऱ्याने घरी आणायचं. उजव्या हाताला देवबागचे माड आणि धूप थांबवायला टाकलेले दगड. डाव्या हाताला भोगव्याचा काठ, मध्ये मध्ये कांदळवनाची झाडं, गुडघाभर चिखलात मुळं रोवून उभी. त्यांच्याजवळून जाताना वल्हं मांडीवर ठेवा. फांदीवर खंड्या बसला असेल तर तो तुम्हाला बराच वेळ बसू देतो. कयाकचं हे एक बरं आहे, ती कोणाला कळत नाही. दहा वाजल्यानंतर याच पाण्यात इंजिनं सुरू होतील, वाळूच्या त्या बेटापाशी जिथे पर्यटकांची जत्रा भरते. रोजगार आहे, गावाला पैसा येतो, मला त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क नाही. मी फक्त साडेसातला निघतो.

आता मुख. इथे जरा रेंगाळू.

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो. बाहेरून येणारी लाट त्यावर अडखळते, आणि आतून बाहेर जाणारं ओहोटीचं पाणी तिला समोरून भिडतं. मग ती उभी राहते आणि फुटते. भांगाचा दिवस आहे, थंडीचे दिवस आहेत, समुद्र निवांत आहे; तरीही वाटाड्या फुटणाऱ्या पाण्याच्या बऱ्याच अलीकडे वल्हं आडवं धरतो. म्हणतो, "वाईच रवा."

थोडं थांबा. सोपं वाटतं. तुम्ही वल्हं मांडीवर ठेवता, आणि बघता बघता होडी पुढे निघालेली असते. ओहोटी तिला मुखाकडे घेऊन चालली आहे. थांबायचं असेल तर वल्हं उलटं मारलं पाहिजे, हळू, सतत, जेवढं पाणी पुढे नेतं तेवढंच मागे यायचं. काठावरचा एखादा माड नजरेत पकडा आणि तो सरकू देऊ नका. एवढा खटाटोप करून मिळवायचं काय, तर आहोत तिथेच असणं.

हे थोडा वेळ करून बघा. खुर्चीत बसूनही करता येतं. आज आपण जिथे आहोत तिथे राहण्यासाठी किती वल्हवतोय ते आठवा. नोकरी तीच, घर तेच, माणसं तीच, आणि तरी रोज संध्याकाळी खांदे दुखतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा माणूस हललाच नाही. उत्तर शोधू नका. माडाकडे बघत राहा.

मालवणीत 'रवणं' हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं. 'खंय रवतास?' म्हणजे कुठे राहतोस. 'वाईच रव' म्हणजे थोडा थांब. प्रमाण मराठीतलं राहणंही तेच आहे, आपण त्यातलं थांबणं विसरून गेलो. एखाद्या गावात राहणारा म्हणजे तिथे थांबलेला माणूस. देवबागसारख्या गावात, जिथे एका बाजूने नदी आणि एका बाजूने समुद्र किनारा कुरतडतो आहे, तिथे त्या शब्दाला वजन आहे.

वाटाड्या लाटा बघतो आहे. लाटा टोळीने येतात: तीन-चार मोठ्या, मग बराच वेळ बारक्या. "मोठी इली, आता बारकी येतली," तो म्हणतो, आणि पुढच्या क्षणी, "चला." आता मात्र विचार नाही. डावं, उजवं, डावं, उजवं, तोंडावर पाण्याचा एक सपकारा, बुडाच्या भोकांतून उसळलेलं गार पाणी मांड्यांखाली. आणि मग एकदम काहीच नाही. आपण फुटणाऱ्या पाण्याच्या पलीकडे आलो.

इथे वल्हं ठेवा. खरोखर ठेवा.

समुद्रावर बसलं की लाट फुटत नाही, ती नुसती खालून जाते. कयाक किंचित वर उचलली जाते, थोडी पुढे सरकते, मग खाली येते आणि जवळजवळ तेवढीच मागे. लाट किनाऱ्याला जाते, पाणी जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी एक गोल फेरी मारतो आणि लाट पुढच्याकडे सोपवून देतो. तुमच्याखालून गेलेली ही लाट कुठल्यातरी दूरच्या वाऱ्याने उठवली असेल. तो वारा केव्हाच पडला असेल. श्वास लाटेशी जुळवायचा मोह होईल. लाटा सारख्या अंतराने येत नाहीत, तेव्हा नाद सोडा. वर, पुढे, खाली, मागे. पोटाला कळू द्या.

दूर कुठेतरी पाठीचं एक करडं कुबड वर येऊन जाईल. याच किनाऱ्यालगत कुबड असलेले डॉल्फिन वावरतात. दिसले तर दिसले. त्यांच्यामागे जायचं नाही, हा वाटाड्याचा नियम, आणि तो त्याने मला फार गोड शब्दांत सांगितलेला नाही.

आणि क्षितिजाकडे बघा. तुमचा डोळा आत्ता पाण्यापासून जेमतेम ८० सेंटिमीटरवर आहे. एवढ्या उंचीवरून क्षितिज सव्वातीन किलोमीटरवर असतं. तो अथांग सागर, ज्यावर आपण निबंध लिहिले, तो इथून ठाण्याच्या एखाद्या रिक्षाच्या फेरीइतका. हा आकडा आता जवळ ठेवा, दुपारी लागेल.

भोगव्याच्या पुळणीवर उतरणं मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात माझी शोभा नाही. लाट पाठीवर घेऊन सरळ आत यायचं असतं. मी वळून मागे पाहिलं, होडी आडवी झाली, आणि पुढचं मी वाळूत तोंड घालून अनुभवलं. तुम्ही सरळ या. होड्या ओढून भरतीच्या रेषेच्या वर ठेवा, जिथे काड्या, शिंपले, तुटक्या दोऱ्या आणि चपला यांची ओळ लागली आहे, तिच्याही पलीकडे, मर्यादवेलीपाशी. वेलीचं नावच सांगतं की समुद्राची हद्द कुठे संपते.

आता चालायचं आहे, दक्षिणेकडे, लांबच लांब पुळणीवरून, टोकाला दिसणाऱ्या निवतीच्या डोंगरापर्यंत. अनवाणी. ओल्या वाळूच्या कडेने, जिथे ती घट्ट असते.

पाऊल टाका आणि तिथेच दाबून धरा. पायाभोवतीची वाळू एकदम पांढरी, कोरडी पडते. पाय उचलला की पुन्हा ओली होते. वाटतं आपण पाणी दाबून बाहेर ढकललं. तसं नाही. लाटांनी ठोकून बसवलेले कण दाब आला की एकमेकांवरून चढतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचं पाणी त्या जागेत उतरतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये याचा उलगडा केला. दाबावं आणि समोरच्याने पसरावं, असं काही आपल्या पायाखाली दर पावलाला चाललेलं असतं. दहा पावलं अशी टाका. प्रत्येक पाऊल संपू द्या, मगच दुसरं.

थोडं पुढे वाळू मोहरीएवढ्या गोळ्यांनी भरलेली दिसेल, मधल्या भोकातून फाकत गेलेल्या ओळी. नखाएवढे खेकडे ओहोटी लागली की बाहेर येतात, वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. संध्याकाळी भरती येऊन सगळं पुसून टाकेल. रात्रीच्या ओहोटीला पुन्हा. मी एकदा इथे उकिडवा बसलो आणि श्वास रोखून राहिलो. दोनेक मिनिटांनी एक बाहेर आला, मग चार, मग सगळी पुळण हलायला लागली. गुडघ्याला कळ आली तेव्हा हललो, आणि क्षणात सगळी बिळात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर मी म्हणजे वाईट हवामान होतं.

वर, कोरड्या वाळूत, हेच दिवस ऑलिव्ह रिडले कासवांचे. मादी रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारते आणि समुद्रात परत जाते. उबवायला कोणी नसतं. सुमारे ५० दिवस वाळूच उबवते. ती जास्त तापलेली असेल तर पिल्लं माद्या निघतात, थंड असेल तर नर. वेंगुर्ला तालुक्यातल्या वायंगणीच्या किनाऱ्यावर गावकरी ही घरटी राखतात. चालताना कोरड्या वाळूत जपून पाय टाका. खाली कोणी असेल. नसेलही.

संस्कृतात 'वेला' म्हणजे किनारा. तोच शब्द भरतीलाही, आणि तोच समयालाही. वेळास, वेळणेश्वर, इथून दक्षिणेला शिरोड्याचं वेळागर, या नावांत तो जुना अर्थ अजून ऐकू येतो. किनारा, भरती आणि घटका यांच्यासाठी एकच शब्द पुरला अशी माणसं होती. त्यांच्याकडे 'वेळ नाही' असं म्हणायची सोय नव्हती, पायाखाली होता. मनगटावर घड्याळ असेल तर काढून खिशात टाका.

रापण लागली असेल तर थांबा. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धवर्तुळ काढून येते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या दोन रांगा ओढत राहतात, पंचवीस-तीस माणसं, बायका, म्हातारे, शाळा बुडवलेला एखादा पोरगा. दोरी ओढायला हात लावलात तर कोणी नको म्हणत नाही. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी माशांचे थवे बाहेरच्या बाहेर उचलले जातात म्हणून इथले रापणकर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. त्या दोरीला हात लागला की ते भांडण वर्तमानपत्रातलं राहत नाही. मासे किती आले हे बघायला मात्र थांबू नका. आज कमी असतील तर तुमचं बघणं त्यांना नको असतं.

पुळण संपते तिथे जांभा सुरू होतो. चढ फार नाही, पण ऊन आता डोक्यावर आहे. वर निवतीच्या किल्ल्याचे अवशेष, तटाच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरलेली. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. सावली पाहून बसा. पिशवीतलं पाणी काढा, मालवणी खाजं काढा. पहिला तुकडा चावू नका, गूळ-आल्याचं कवच जिभेवर विरघळू द्या. हातांना अजून मिठाचा वास आहे.

आणि आता सकाळचा तो आकडा. तोच समुद्र आहे. पन्नास मीटर उंचीवरून क्षितिज २५ किलोमीटरवर जातं. उत्तरेला आपण चालून आलो ती अख्खी पुळण, तिच्या टोकाशी नदीचं मुख. दक्षिणेला निवतीचा किनारा. आणि समोर समुद्रात, वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह, ज्याकडे खालून लक्षच गेलं नव्हतं. सकाळी ज्या लाटेने घशाला कोरड आणली होती ती इथून एक पांढरी रेघ आहे. दोन्हींपैकी खरं कुठलं, असा प्रश्न मला इथे दर वेळी पडतो, आणि दर वेळी वाटाड्या काडी चघळत बसलेला असतो. तेव्हा आपणही बसू. मुखाजवळ पाणी तळाला आलं आहे. वाळूची बेटं उघडी पडलीत. बारा वाजून गेले असावेत. काही वेळ पाणी येतही नाही आणि जातही नाही. त्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहा, ती कधी आत सरकायला लागते ते पकडता येतं का पाहा. मला आजवर पकडता आलेलं नाही. दर वेळी लक्षात येतं ते सरकून झाल्यावर.

उतरताना कपाळावर वारा लागतो. खारे वारे सुटले.

परतीचं वर्णन करण्यासारखं फार काही नाही, आणि तीच त्यातली मजा आहे. भरती आत चालली आहे, वारा आत चालला आहे, दोघांची दिशा एक, म्हणून मुखावरचं पाणीही सकाळसारखं अंगावर येत नाही. बारकी लाट पाहून आत शिरायचं, कांदळवनाच्या जरा अलीकडे आलं की वाटाड्या स्वतःचं वल्हं मांडीवर आडवं ठेवतो. तुम्हीही ठेवा. सकाळी जिथल्या तिथे राहण्यासाठी हात दुखले होते त्याच पाण्यावर आता तुम्ही काहीच करत नाही आहात, आणि सकाळी नजरेत धरलेला तो माड हळूच मागे सरकतो आहे. मूठ बघा. मिटलेली असेल तर सोडा. खंड्याची फांदी रिकामी आहे.

देवबागच्या काठाला होडी आपोआप लागते. उतरल्यावर जमीन थोडी हलेल. रात्री आडवं पडल्यावरही हलेल, वर, पुढे, खाली, मागे. वाटाड्या होड्या धुऊन उलट्या पालथ्या घालतो आहे, भोकांतून शेवटचं पाणी ठिबकतं आहे. उद्या कोणी येणार आहे, त्याचा फोन वाजतो. किती वाजता निघायचं, पलीकडचा विचारत असणार. आपला माणूस आकाशाकडे बघत नाही, मोबाईलकडेही बघत नाही. ओठ हलतात.

"नऊ पाऊण पावणेसात," तो स्वतःशीच म्हणतो, आणि मग फोनवर, "सव्वाआठाक येवा."